सोळावा ठसा

सोमवार, १ मार्च
आलो एकदाचा. वरच्या मजल्यावरची लांबट खोली मिळाली आहे. उत्तरेला तीन खिडक्या, आत उघडणारं एकच दार, भिंतीलगत लोखंडी शेगडी आणि ओले कागद वाळवायला आडव्या दोऱ्या. ठसे कोरणाऱ्याला आणखी काय हवं? मालकीणबाईंना आपल्या आजोबांच्या सचित्र साप्ताहिकाचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा आहे. मजकूर मी लिहायचा आणि जुन्या लाकडी ठशांवरून चित्रंही मीच छापायची. दोन्ही जमणारा माणूस त्यांना सापडत नव्हता म्हणे. मी कुठल्या शाळेत शिकलेलो नाही, हे आधीच सांगून टाकलं. नंतर कुणी त्यांच्या कानात सांगण्यापेक्षा बरं. मदतीला लेक आली आहे. म्हणते, बाबा, कोरणं तुमचं, पण शाईचा हात माझाच. खोटं नाही, तोंडावर मात्र कबूल करत नाही.

बुधवार, ३ मार्च
आजोबा मोठे हिकमती. साठ वर्षांपूर्वी बाकीची पत्रं फोटो छापू लागली, तरी हे लाकडालाच धरून राहिले. पानभर चित्र सोळा चौकोनी ठशांवर वाटायचं, सोळा कारागिरांनी एकेक कोरायचा, मग बोल्ट आवळून एक करायचं. आपल्या चौकोनापलीकडचं कुणाला दिसत नसे. सांध्यांवरच्या रेषा मुख्य कारागीर शेवटी जुळवी, म्हणून पुरं चित्र तेवढा तो पाही. आणि मिरवणूक शनिवारी असली, तरी तिचं चित्र मंगळवारीच तयार. आजोबा म्हणत, चित्र पुढे जाऊ दे, बातमी येते मागून.

शुक्रवार, ५ मार्च
शेवटच्या अंकातल्या चित्राचे ठसे बाहेर काढले. छापखान्याला लागलेली आग. तीही याच खोलीत. छप्पर तेवढं नंतर नवं घातलेलं. पंधरा ठशांवर धुरात पंधरा माणसं. सोळावा, म्हणजे दाराकडचा कोपरा, छापील अंकात ठार काळा. मुख्य कारागिराने तो कोरलाच नाही, आणि न कोरलेला ठसा काळाच उमटतो. सांधेही तसेच सोडलेले. पळपुटा. मालकीणबाईंनी विचारलं, तेवढा कोपरा पुरा करता येईल का. मी म्हटलं, येईल का काय विचारता, झालाच समजा.
शेजारच्या ठशाच्या कडेला एक हात दार ढकलतो आहे. अंगठ्याला चिंधी. हाताचं माणूस सोळाव्यात असणार. चिंधीची गाठसुद्धा कोरली आहे. याला म्हणतात काम.

मंगळवार, ९ मार्च
नमुना हवा म्हणून लेकीला दारात उभं केलं. ती म्हणाली, लोकांचे बाप लेकीचा फोटो काढून घेतात, तुम्ही मला आगीत उभं करा. दोघंही हसलो. चेहरा हुबेहूब उतरला. केस कोरायला तिलाच दिले.

शुक्रवार, १२ मार्च
सोळावा पुरा झाला. मागे सही केली. साठ वर्षं राहिलेले सांधेही जुळवले, नखाला लागणार नाहीत असे. शेवटची बट कोरताना लेकीच्या हातून कोरणी निसटली आणि अंगठा कापला. फार नाही. फडक्याची चिंधी बांधली. गाठ पाहून मला जरा — पण ठशावरचा अंगठा उजवा आहे. हिचा डावा.

शनिवार, १३ मार्च
ठसा उलटा असतो. तीस वर्षं हेच करतो आहे, आणि काल विसरलो.
आज छापलेला कागद उचलला. अंगठा डावा.

सोमवार, १५ मार्च
मालकीणबाईंनी इतिहासासाठी म्हणून आगीत गेलेल्यांची यादी दिली, आणि त्यांचा एकत्र फोटो. पंधरा कारागीर. एक कुबडीवाला, एक पोक आलेला, एक टकला. दोनदा ताडून पाहिलं. चित्रात तेच आहेत. कोरणारेच आगीत गेले, मग आगीचं चित्र कोरलं कुणी? त्यांनीच. आधी. आग लागली तेव्हा ठसे खाली छपाईला गेले होते, म्हणून वाचले. प्रत्येकाला वाटलं असेल, मालकांनी गंमत म्हणून शेजाऱ्याला नमुना केलाय.
मुख्य कारागीर यादीत नाही. मालकीणबाई म्हणाल्या, तो आदल्या दिवशीच हत्यारं टाकून गेला, नव्वदीपर्यंत जगला.
त्याने पुरं चित्र पाहिलं आणि कोपरा काळा ठेवला. म्हणून दारातून कुणी आलं नाही.
मी आणलं.

बुधवार, १७ मार्च
काढलेलं लाकूड परत भरत नाही. चेहरा खरवडायला गेलो. कोरलेलं पांढरं उमटतं, आणि या चित्रात पांढरं म्हणजे ज्वाळा. जितकं खरवडलं तितकी आग तिच्याभोवती — थांबलो.
लेकीला मावशीकडे पाठवलं. गाडीत बसेपर्यंत विचारत होती, काय झालं. म्हटलं, काम संपलं. तिला पटलं नाही.

गुरुवार, १८ मार्च
सकाळी. चष्मा सापडत नाही. तिच्याच पिशवीत गेला. त्याच्याशिवाय मला लांबचं तेवढं दिसतं, हाताजवळचं नाही (हेही अंदाजानेच लिहितो आहे), हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ती परतेल. त्याआधी ठसा जाळायचा. बोल्ट सैल केले.

दुपारी. शाई निघावी म्हणून टर्पेंटाइनने पुसून शेगडीत घातला. बाटली किती रिकामी झाली ते दिसलं नाही. हे टिपून —
भडकला. वरच्या दोरीवरचे कागद —

पाणी खाली. दाराशी धूर —

जिन्यावर कुणीतरी. दोन-दोन पायऱ्या. ती अशीच चढते. येऊ नको म्हणून ओरडलो. खोकलाच —

दार आत येतंय. आधी हात. गाठ तीच, मी बांध—