बाबांची क्लॅरिनेट आणि माझा पुढचा दात

वटार,
२१ जानेवारी २०२५

प्रिय बाय,

जय ख्रिस्त! तुझं पत्र पोचलं. कॉन्व्हेंटमध्ये थंडी कडक असेल, मर्सीने विणलेला स्वेटर कपाटात ठेवू नकोस, अंगात घाल. इथे सगळे मजेत. केळी यंदा चांगली भरलीत. मर्सी सुकेळी पाठवतेय, सगळ्या सिस्टरांना वाटून स्वतः उपाशी राहू नकोस. आणि आमच्या स्टेफीचं लग्न झकास झालं!

मी वाजवलं का, हे विचारायला तू अर्धं पत्र आडवळणं घेतलीस. सांगतो. पण पहिल्यापासून ऐकावं लागेल.

पावसाळा सरता सरता क्लॅरिनेट तोंडाला लावली की वरचा पुढचा दात ठणकायला लागला. तुला माहीतच आहे, वरचे दात थेट तोटीवर टेकतात. मी बँडवाला माणूस, मला काय वाटणार? तोटीवरची रीडची पातळ पट्टी बिघडली! रीड घासली, बदलली, तोटीला रबराचा तुकडा चिकटवला. माझ्या पेटीला हात लावतोस म्हणून बँडमधल्या कौस्तुभला शिव्याही घातल्या. बिचारा.

मर्सी सगळं बघत होती. "तुमची रीड चहासुद्धा पिते काय हो?" म्हणाली. कारण गरम घोट घेतला की अशी कळ यायची, की कप विसळून पालथा घातला तरी जायची नाही. मी म्हटलं, गप्प बस, लवंग लावतो.

आणि एका सकाळी दुखणं गायब! मी इतका खूश, की तालमीला अख्ख्या बँडला भजी खिलवली.

पुढे दात काळपट दिसायला लागला. वर हिरडीवर बारीकशी पुळी आली, बसायची, परत यायची. दुखत काहीच नव्हतं, म्हणून मी कुणाला बोललो नाही.

खोटं कशाला बोलू, बाय? बाबा आठवत होते म्हणून बोललो नाही. त्यांनी पुढचे दात काढून घेतले आणि क्लॅरिनेट जी पेटीत गेली ती गेलीच. तू सिस्टर व्हायचं व्रत घ्यायला घरून निघालीस तेव्हा सगळा बँड वाजत होता आणि बाबा नुसते चालत होते. त्यांचा मोकळा हात मी धरला होता. तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की मला पकडच दिसते. मी स्टेफीला सांगूनही टाकलं, "लग्नात कौस्तुभ वाजवील, मी आपला चालेन." लेक आत जाऊन रडली.

मग मात्र मर्सीने मला रिक्षात घातलं आणि गोखिवऱ्याला डॉक्टर ज्ञानदाकडे नेलं. स्टेफीच्याच वयाची. तिने दातावर टकटक केलं, मी खुर्चीतून उडालो. मग बर्फाळ बोळा लावला. शेजारचे दात शिवशिवले, हा ढिम्म.

"बघ, बरा झालाय!" मी म्हटलं.

ती हसली. "काका, बरा नाही झाला. आतली नस मेली, म्हणून दुखायचं थांबलं. एक्स-रेत मुळाशी पू दिसतोय."

म्हणजे भजी मी मयताची वाटली होती!

"काढणार?" मी खुर्चीचे हात घट्ट धरून विचारलं.

"काढायचा कशाला? रूट कॅनल करू. आतलं सडलेलं साफ करून भरते. दात तुमचाच राहील. वाजवा खुशाल."

त्या खुर्चीत मी ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात?

तर आता ऐक! घरापासून चर्चच्या पायरीपर्यंत मी वाजवलं. पेटीतून काढलेल्या बाबांच्याच क्लॅरिनेटवर! एकही सूर घसरला नाही. स्टेफी नवरीचा तोरा विसरून सारखी मागे वळून बघत होती. कौस्तुभने तर हातच जोडले. शेवटी फादर बाहेर आले, "अँथनी, पुरे आता, मिस्सा सुरू करायचीय!" म्हाताऱ्याकोताऱ्या बायका म्हणाल्या, अगदी बापासारखा वाजवतो. बाय, छाती फुटायची बाकी होती.

मे महिन्यात तुझ्या व्रताला पन्नास वर्षं होतील. मदर सुपिरियरना आत्ताच सांगून ठेव, फाटकापासून प्रार्थनाघरापर्यंत गोंगाट होणार आहे. तू निघालीस तेव्हा बाबांचं वाजवायचं राहिलं, ते मी येऊन वाजवणार. तू फक्त दारात उभी राहा.

तुझा,
पुढच्या दातासकट धाकटा भाऊ,
अँथनी