नानाजींचा नाच आणि चक्कर आलेली ड्राइव्ह

वणी,
ऐन मे महिना

तीर्थरूप विमलमामी यांच्या चरणी, दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता, भाचा नयनचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामांचं पित्त कसं आहे? (मी दिग्रसहून निघालो तेव्हा दोन्ही जोरात होती.) इथं ऊन आणि कोळशाचे ट्रक, दोघंही रस्त्यावरून हटायला तयार नाहीत. पत्र अशासाठी, की तुमच्या मोबाइलवरचं सगळं मामा आधी वाचतात.

मी कोकिळाताईंकडे लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकून राह्यलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (त्याआधी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, त्याआधी कुल्फीच्या गाडीवर, आणि मधे एका सर्कशीमागे पांढरकवड्यापर्यंत गेलतो, पण तो विषय मामांसमोर नको.) बाई काय आहे, मामी! नवरी कधी रडणार हे त्यांना नवरीच्या आधी समजतं, आणि कॅमेरा तिथं हजर असतो.

आपल्या खुशीच्या लग्नाचं शूटिंग त्यांचंच. खुशीचे आजोबा, म्हणजे तुमचे काका नानाजी, हळदीत डीजेपुढं नाचले होते. आता ते खाटेवर पडून आहेत, धाप लागते, आणि त्यांचे दोस्त रामराव रोज उशाशी बसून म्हणतात, “तू कायचा नाचतं बे! तुले दोघांनी धरून उभं केलतं.” नानाजींनी हट्टच धरला: “पह्यले याले माह्या नाच दाखवा, मंगच मी दवाखान्यात जातो.” डॉक्टर म्हणतो आजच आणा, खुशी रडते, आणि इकडे नाच अडकला शूटिंग साठवायच्या एसएसडी ड्राइव्हमध्ये. (कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून टाकली होती.)

ड्राइव्ह नवीकोरी. पण जरा काम केलं की कॉम्प्युटर म्हणायचा, असली ड्राइव्ह मी पाहिलीच नाही. थंड झाली की पुन्हा हजर. मी डोकं लढवलं आणि डबा उघडून कूलर समोर लावला. ताई ओरडल्या, “अबे, कॉम्प्युटर हाय का टरबूज? त्याच्यावर ओली हवा कायले सोडतं?”

मग त्यांनी समजावलं. कापसाच्या बाजारात कोणाच्या मालाची गंजी कुठं पडली हे मुकादमाच्या डोक्यात असतं ना, तसा ड्राइव्हमध्येही एक मुकादम असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. त्याला ऊन लागून चक्कर आली की कापूस जागच्या जागी असतो, पण सापडत कोणालाच नाही. आणि त्याला कामाची जी रीत शिकवलेली असते ती फर्मवेअर. आमच्या मुकादमाची शिकवण अर्धवट (माझ्यासारखीच): तापलं तरी दम घ्यायचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कंपनीनं नवं फर्मवेअर काढलं होतं, पण ते टाकताना काही बिघडलं तर नानाजींचा नाच कायमचा गेला. म्हणून आधी माल बाहेर काढायचा. आणि माल काढायला गेलं की मुकादमाला चक्कर!

मी हात टेकले. ताईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला. ड्राइव्हवर उष्णता ओढून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, खाली मऊ पॅड. ती मीच बसवली होती. ताईंनी पट्टी उचलली, पॅडवरचं निळं प्लास्टिक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे काहून ठेवलं?”

“नवीन वस्तू होती ना, ताई.”

मामी, तुमच्या घरात वाढलेल्या पोरानं दुसरं काय केलं असतं? आपला रिमोट पिशवीत, सोफा पन्नीत, टीव्हीच्या काचेवर अजून कंपनीचंच प्लास्टिक! मला वाटलं, आता हाकलतात. तर बाई हसून हसून स्टुलावर बसल्या. त्यांच्या फ्रिजलाही आहे म्हणे. मग उष्णता अडवून धरणारं ते प्लास्टिक काढून, साधा पंखा लावून, ड्राइव्हला दम खाऊ देत थोडं थोडं शूटिंग त्यांनी बाहेर काढलं. नानाजींचा नाच सगळ्यात आधी. सगळं सुखरूप आल्यावरच नवं फर्मवेअर टाकलं. आता मुकादम तापला की आपणहून हळू चालतो. असा धीर मी माणसात पाहिला नव्हता.

नानाजींनी नाच पाहिला. रामरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि एवढंच म्हणाले, “चाल आता, गाडीत बस.” नानाजी दवाखान्यात आहेत, तब्येत सुधारतेय, आणि सलाइन लावणाऱ्या नर्सलाही नाच दाखवून झाला.

तुमचा,
नयन

ता. क. – व्हिडिओत नानाजी एकटे नाचत नाहीत. त्यांच्यासमोर पदर खोचून, पार खाली बसून उठणाऱ्या बाई तुम्ही आहात. (मामांना तुम्ही सांगितलं होतं, गुडघ्यांमुळे खुर्चीवरून हललेच नाही.) मामा भेटायला येणार आहेत आणि नानाजी त्यांनाही दाखवणारच. तुम्हाला कापावं म्हटलं, तर ताई म्हणतात पाप लागेल. खरंच, फार सुंदर नाचलात हो! तेव्हा मामा इकडे निघायच्या आधीच तुम्ही त्यांना खरं सांगून टाका. आणि त्यांना हसू आलं की लगेच हेही सांगा, की नयनला पेरणीसाठी बोलावू नका, पोरगं पहिल्यांदाच एका जागी टिकलं आहे.

ता. क. दुसरा – सोबत पेनड्राइव्ह आहे. बघण्याआधी टीव्हीवरचं प्लास्टिक तेवढं काढा.