संत्र्याचा मध, निवडुंगाच्या नावाने

इद्दरदादा,

तूदाताईच्या बाळाच्या बारशाला पाठवायचा मध मी चाखला. शी. निवडुंगाच्या मधाने घसा पेटतो, याला साधी धगही नाही. नुसता संत्र्याच्या फुलांचा वास, साबण चाटल्यासारखा. म्हणजे उन्हाळाभर मधमाश्यांच्या पेट्या तू डोंगरावर नेल्याच नाहीस, खाली बागेतच ठेवल्यास. वर मलाच म्हणतोस, "कोणाला कळतंय, शहाणे?"

ताईच्या सासूला कळेल. ती सगळ्यांसमोर भाकरीला लावून पहिला घास घेणार, आणि टोमणे ताईने जन्मभर ऐकायचे. किळस आली मला तुझी.

शाळेतून परस्पर मामांकडे खरा मध मागायला जातेय. कशाला हवा, असं ते विचारतीलच. मी सगळं सांगणार आहे. त्यांच्याकडून बरणी आणायला मात्र तूच जायचंस.

तिलिला