पिवळा कागद आणि मामांची पेन्सिल

फुनाबोरी, तोक्यो
रविवार

तीर्थस्वरूप प्रल्हादमामांना उल्काचा साष्टांग नमस्कार, आणि प्रभावतीमामींनाही (त्या तुमच्या खांद्यावरून वाचत असतीलच). तुमचं बी.पी. कसं आहे? हे पत्र सकाळची गोळी घेऊन मगच वाचा. इकडे सगळं ठीक. म्हणजे सुशील ऑफिसात असतो, मिताली जपानीत असते आणि मी गोंधळात असते.

कागदावर लिहितेय, कारण स्वानंदच्या लग्नापासून तुम्ही घरचा ग्रुप सोडलात आणि आईचे फोन उचलणंही सोडलंत. मान्य आहे, सख्ख्या मामाला अक्षत द्यायला घरी यायचं असतं आणि तुमच्याकडे पत्रिका आली ती कुरिअरने. पण त्यापायी तुम्ही लग्नालाच आला नाहीत आणि माझा भाऊ मामाशिवाय बोहल्यावर उभा राहिला, त्याला आता दोन वर्षं झाली. असो. या पत्रात आईचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलंय (वर एकदा आलं ते चुकून).

तर विषय तुमच्या पुस्तकाचा. आठवतंय ना, माझ्या लग्नात सगळ्यांनी डिनर सेट दिले आणि तुम्ही एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कादंबरी दिलीत, तीही स्वतःची, सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवून पानं सुटायला आलेली. तेव्हा मी मनात काय म्हटलं ते राहू दे. इथे ती सुशीलच्या कॉम्प्युटरखाली उंचीसाठी ठेवली होती. आमच्या बिल्डिंगच्या समितीच्या प्रमुख ओदागिरी-सान (वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, तळमजला) एकदा घरी आल्या आणि त्यांनी ती बरोब्बर हेरली. त्यांचं एक वाचन मंडळ आहे, सगळे सत्तरीपुढचे, आणि सगळे जुन्या अमेरिकन कादंबऱ्या वाचतात! त्या शतकातले तिकडचे लेखक म्हणे समाजावर फार चिडलेले असत. गुलाम ठेवणाऱ्यांवर चिडलेले, गिरण्यांत पोरं राबवणाऱ्यांवर चिडलेले, आणि रविवारी प्रार्थना करून सोमवारी शेजाऱ्याला छळणाऱ्यांवर तर विचारूच नका. मामा प्राध्यापक म्हटल्यावर भाषण माझ्यावर आलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला जपानीत इतकं बोलावं लागतं की त्यापेक्षा हो परवडतं.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी मला जेवढी कळली तेवढी सांगते. त्या गावात चर्चमधल्या बाकांना भाडं, ज्याचं त्याचं बाक ठरलेलं. एक पाव भाजून विकणारी विधवा एका रविवारी दुसऱ्याच्या बाकावर बसते, कारण तिच्या बाकावर छप्पर गळत असतं. झालं! गाव तिच्याशी बोलणं टाकतं. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बोलायचं नाही. अकरा वर्षं! तिथे समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलंय, "एकानेही विचारले कसे नाही?" आणि खाली दोन रेघा. (खरं सांगायचं तर मी कादंबरीपेक्षा तुमचा समासच जास्त वाचला. पान ८८ वर "गॅसला नंबर लावणे" असं आहे, त्याचा भांडवलशाहीशी संबंध लावण्यात माझी अख्खी दुपार गेली.)

आता मध्येच कचरा येतो, पण तो यायलाच हवा. इकडे कचऱ्याचे वार असतात, जळणाऱ्याचा वेगळा, बाटल्यांचा वेगळा. गणपती झाल्यावर माझ्याकडे निर्माल्य आणि कलशावरचा नारळ उरला. आता निर्माल्य काय भाजीच्या देठांत टाकायचं? नदी दहा मिनिटांवर आहे, पण तिच्यात काही सोडलं तर उद्या सुशीलच्या व्हिसापर्यंत प्रकरण जायचं. शेवटी साडीच्या दुकानाची कोरी पिशवी घेतली, तीत सगळं भरलं, वरून हळदकुंकू वाहिलं, कचऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली, नमस्कार केला आणि पळाले. वार बाटल्यांचा होता हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर पिशवी तिथेच! पण जमिनीवर नाही, एका स्टुलावर. शेजारी कोणीतरी एक नासपती ठेवलेली आणि पिशवीला पिवळा कागद, हाताने लिहिलेला, खाली समितीचा लाल शिक्का. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. झेंडू आणि नारळ बघून कोणाचा कचरा ते कोण ओळखणार नाही? मी सगळं उचललं, पिशवी बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे लपवली, कागद लाटण्याच्या ड्रॉवरमध्ये. नासपतीचा अर्थ काही केल्या लागेना, म्हणून ती खाल्ली. गोड होती. कागद मितालीला दाखवला असता तर तिने घडाघडा वाचला असता, पण आईची अब्रू दहा वर्षांच्या मुलीकडून वाचून घ्यायची? छे! त्या दिवसापासून लिफ्टमध्ये सगळे नमस्कार करून वरच्या आकड्यांकडे बघायला लागले. सुशील म्हणतो ते गेली सहा वर्षं आकड्यांकडेच बघतायत. पुरुषांना सूक्ष्म गोष्टी कळत नाहीत. मी मात्र समजले, ती विधवा ती मीच.

काल भाषण होतं. सुशील ऑफिसात, म्हणून मितालीला बरोबर नेलं. मी इंग्रजीत बोलणार आणि ओदागिरी-सान जपानीत सांगणार. सुरुवात बरी झाली, मग कोण जाणे काय अंगात आलं, मी बाकांवरून थेट बिल्डिंगवर घसरले. म्हटलं, अमेरिकेतलं ते गाव कशाला शोधताय, ते इथेच आहे, तोंडावर हसायचं आणि माघारी कागद चिकटवायचे! ओदागिरी-सान भाषांतर करायच्या थांबल्या. आजी-आजोबा मात्र मान हलवत टिपणं घेतच होते (कशाची, देव जाणे). मी पर्समधून तो पिवळा कागद काढला आणि पुरावा म्हणून सगळ्यांसमोर फडकवला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मिताली उठली, माझ्या हातातून कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचला, आधी जपानीत, मग माझ्यासाठी मराठीत.

त्यावर लिहिलं होतं, "ही वस्तू कोणाची तरी मोलाची दिसते. आम्हाला ती टाकायची रीत ठाऊक नाही. चूक होऊ नये म्हणून जपून ठेवली आहे. कृपया कसं करायचं ते सांगा."

मामा, मला तिथेच रडू आलं. लाज वाटली म्हणून, आणि दोन आठवडे उगाच कुढले म्हणूनही. नासपती ओदागिरी-सानचीच होती. फुलं दिसली म्हणजे देवाचं काहीतरी असणार, त्याच्यापुढे रिकामं कसं ठेवायचं, म्हणून ठेवली म्हणे. (मी खाल्ली हे सांगितलं नाही.) मग त्यांनीच तोड काढली. त्यांच्याकडे देवाचं जुनं काही टाकायचं तर पांढऱ्या कागदात गुंडाळून चिमूटभर मीठ घालतात, तसं करू. निर्माल्य तसंच गुंडाळून ठेवलंय, जळणाऱ्याच्या वारी जाईल. नारळ चार आजोबांनी मिळून हातोडीने फोडला आणि त्याच्या वड्या आज सगळ्या मजल्यांवर पोचल्या. माझ्यावर आता समितीचं काम आलंय, पिवळे कागद लिहिण्याचं. मजकूर मिताली सांगते, मी गिरवते.

मामींना सांभाळा. तुमच्याशी बोलणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार, आणि ज्यांच्याशी तुम्ही बोलत नाही त्यांनाही.

तुमची गोंधळलेली भाची,
उल्का

ता.क. पुस्तकाची शेवटची वीस पानं गळालीत. त्या विधवेशी शेवटी कोणी बोललं का? अख्खं मंडळ काळजीत आहे. पानं तुमच्याच कपाटात कुठेतरी असतील, बघा.

ता.क. २. स्वानंदच्या लग्नाच्या फोटोत त्याच्या मागे एका माणसाची जागा रिकामी आहे. दुसरे काका उभे राहायला निघाले होते, आईने राहू दिलं नाही. (हे नाव शेवटचं. नाही, अजून एकदा येईल.)

ता.क. ३. हे लिहायला एवढी पानं लागली. आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने पत्रिका आणि अक्षत माझ्या हातात देऊन सांगितलं होतं की तू स्वतः सांगलीला जा, मामाच्या हातात दे. मी आठ दिवसांसाठी आलेले, त्यातला एक दिवस बसमध्ये जाईल म्हणून कंटाळा केला. इकडे कुरिअरवाला टोपी काढून वाकून पार्सल देतो, मला वाटलं तेही मानाचंच. आईने माझं नाव तुम्हाला कळू दिलं नाही. पोर लांबून आलीय, तिला बोल नको, म्हणाली, आणि दोन वर्षं सगळं स्वतःवर घेऊन बसली. माझ्याशी हवं तर अकरा वर्षं बोलू नका. पण तिला एक फोन करा आणि पत्रिका कुरिअरने का आली ते विचारा. समासात तुम्हीच लिहिलंय. आणि ती वीस पानं पाठवा. कुरिअरने चालतील.