फोटोवरचा सोनचाफा

गुवाहाटी, ऑक्टोबर २००७

सौ. नर्मदा,
तुला आणि चि. ज्ञानदाला आशीर्वाद. आईला नमस्कार कळवू नकोस, हे पत्र तिला दाखवायचं नाही. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून लिहितोय.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. वाऱ्याने वाडीतल्या केळी पडल्या नाहीत ना?

ज्ञानदाने माझ्या ऑर्कुटच्या पानावर टाकलेला आपल्या ओटीचा फोटो इथल्या सायबर कॅफेत पाहिला. भिंतीवर माझा ट्रकपाशी हसणारा फोटो, आणि त्याला सोनचाफ्याचा हार. आईनेच मायेने घातला असणार. पण त्या पानावर माझ्या प्रवासाचे फोटो बघणाऱ्या अनोळखी लोकांना वाटलं, मी गेलो. खाली कितीतरी जणांनी श्रद्धांजली वाहिली आहे.

मी जिवंत आहे, एवढंच लिहायला बसलो होतो. तेवढ्यात एकाचं वाचलं, ‘फार फिरलास मित्रा, आता शांत झोप.’ राग यायला हवा होता. मला त्या मेलेल्या दिनानाथचा हेवा वाटला. काही न लिहिता उठलो आणि गाडी चालू केली.

आईचे गुडघे सांभाळ. हार काढायचा की राहू द्यायचा, ते तूच ठरव.

तुझाच,
दिनानाथ