डाव्या हाताची धार

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८६

इनायतुल्लाने दुकानात बोलावून एक सुरी हातात दिली. नवी कोरी, तेलाचा हात फिरवलेली. बाजारात हल्ली सगळीकडे मिटायचे चाकू. ही न मिटणारी. पातं वीतभर, पाठ जाड, मूठ शिसवीची. पात्यावर इंग्रजी अक्षरांचा ठसा. अकोल्याच्या व्यापाऱ्याने नमुना पाठवला आहे, विलायतचा माल म्हणून. कापसाच्या बाजारातल्या अडत्यांना गठ्ठे फाडून रुई बघायला अशा पुष्कळ हव्यात. इनायतुल्लाचा लोखंडाच्या दुकानात जन्म गेला तरी त्याला या मालाचा भरवसा वाटेना.

"भाऊ, तुमी लोहार आहा. चार दिवस वापरून पाहा अन् खरं सांगा," म्हणाला. "टिकन का? अन् विलायतचीच आहे का?"

घेऊन आलो. खरं तर मन कशात नाही. माझा लेक नामदेव घर सोडून गेला त्याला दोन पावसाळे झाले. कापसाचे गठ्ठे दाबायच्या दाबखान्यात मजुरी चांगली मिळते म्हणून अकोल्याला गेला. पहिल्या दिवाळीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप येत होते. मग बंद. दाबखान्यात जाऊन विचारलं — काम सोडून गेला, एवढंच कळलं. मूठ हातात बसली आणि वाटलं, हे त्याला दाखवलं पाहिजे. अशी सवय जात नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ६

बाभळीच्या गाठीवर चालवली. धार मुडपली नाही. लिंबू पिळून उन्हात ठेवली; डाग पडला पण घासल्यावर गेला. मग बाजारात महादेवरावाकडे दिली — तो दिवसभर गठ्ठेच फाडत असतो. गोणपाटाने भली भली धार मरते. संध्याकाळी आणली तेव्हाही हातावरचे केस निघत होते.

खोड एकच. टोक फार बारीक काढलंय. कोणी गठ्ठ्यात खुपसून पिळली तर मोडेल. मूठ मात्र बनवणाऱ्याने हाताचा विचार करून केली आहे. करंगळीखाली थोडी फुगवली आहे, घामाने निसटत नाही.

माल चांगला आहे. विलायतेतही मन लावून काम करणारे असतील.

मार्गशीर्ष शुद्ध ७

इंग्रजी शाळेच्या केशवराव मास्तरांना ठसा वाचायला दिला. 'इंग्लंड' असं आहे म्हणाले; मग डोळ्याजवळ धरून हसले. त्यातलं एक अक्षर उलटं ठोकलंय! साहेब आपल्या देशाचं नाव चुकवणार नाही.

घरी येऊन मुठीचे खिळे ठोकून काढले. पात्याचं शेपूट मुठीत पार शेवटपर्यंत गेलेलं. म्हणूनच हलत नव्हती. त्या शेपटावर, जिथे कोणी बघणार नाही तिथे, कानशीचे दाते पुसट दिसत होते. जुन्या कानशीचं पोलाद. आमच्या घरात असंच करतात. तेवढ्याने काही ठरत नाही, दुसरेही करत असतील.

मग पातं उजेडात तिरपं धरलं. सहाणेवर धार लावल्याच्या बारीक रेघा. माझ्या, माझ्या बापाच्या, साऱ्यांच्या रेघा मुठीकडे झुकतात. या टोकाकडे झुकलेल्या. खिळेही पलीकडच्या बाजूने ठोकलेले. डावखुऱ्या माणसाचं काम.

नामदेव डावखुरा आहे.

घडण ताजी आहे. शेपटाला गंजाचा कणही नाही. ही सुरी गेल्या महिन्या-दोन महिन्यांतली.

पोरगा जिवंत आहे. आहे!

मार्गशीर्ष शुद्ध ८

पार्बताबाईला, नामदेवच्या आईला, काही सांगितलं नाही. आणून दारात उभा करीन, मगच. कोळसा बघायला अकोल्याला जातो म्हटलं. तिने ज्वारीच्या भाकरी, ठेचा बांधून दिला. काही विचारलं नाही. हल्ली ती फार विचारत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १०

वाटेत. पुढे-मागे कापसाच्या बंड्याच बंड्या. बैलांच्या गळ्यात नवी घुंगरं, गाडीवानांच्या डोक्याला जरीचे फेटे. धुळीत रुई उडते, झाडाझुडपांवर अडकून बसते. सारा मुलूख हसून राहिला आहे. मीही हसत होतो. शेजारच्या बंडीवाल्याला उगाच सांगून टाकलं — लेकाला आणायला चाललो.

मार्गशीर्ष शुद्ध ११, अकोला

लिहिल्याशिवाय बसवत नाही.

व्यापाऱ्याने आधी टाळाटाळ केली, विलायत विलायत करत राहिला. उलटं अक्षर दाखवल्यावर पत्ता दिला. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात, कुर्बान लोहाराची भट्टी. गल्लीच्या तोंडाशीच सहाणेचा आवाज ऐकला. धार लावताना नामदेव मध्येच क्षणभर थांबतो आणि मग दोनदा भरभर ओढतो. तसाच आवाज. माझे पाय पळायला लागले.

आत एक बाई बसली होती. विशी-बाविशीची. डाव्या हातात पातं.

तिने वर पाहिलं. नामदेवचा तोंडवळा माझाच; मी कोण ते सांगायच्या आधीच पदर डोक्यावर घेऊन उठली.

"मामाजी," म्हणाली.

सासऱ्याला आपल्याकडे सुना असंच म्हणतात. मी दाराची चौकट धरली. नामदेव कुठे आहे, विचारलं. तिने भात्याकडे पाहिलं. तिचा बाप कुर्बान भात्याजवळून उठून आला, मला खाली बसवलं, पाणी दिलं. मग त्याने सांगितलं.

श्रावणात पटकी आली. सकाळी उलट्या सुरू झाल्या, दिवस मावळायच्या आत गेला.

श्रावणात! श्रावणात मी नांगराच्या फाळांना धार काढत होतो. कुठल्या दिवशी? मला काहीच कसं कळलं नाही? हातोडा हातातून पडला नाही, ठेच लागली नाही, काही नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १२, अकोला

तिचं नाव जहाँआरा. नामदेव दाबखाना सोडून कुर्बानच्या भट्टीवर आला, आणि मग हिच्याशी निका लावला. घरी कळवलं नाही. कळलं तर जात आम्हाला वाळीत टाकील, आईला पाणवठ्यावर कोणी उभं करणार नाही, असं म्हणायचा. 'बाबाले वाटू दे, मी कुठंतरी कमवून राहिलो,' म्हणे. मेल्यावरही कळवू नका, अशी शपथ त्यानेच घातली होती.

सुरी त्याची कल्पना. साहेबाच्या सुरीवरून ठसा त्याने कोरला. विलायतचं नाव नसेल तर इथे कोणी घेत नाही. आता कुर्बान पातं घडवतो आणि ती धार लावते, मूठ बसवते.

ती डावखुरी नाही. भाजी उजव्या हाताने चिरताना पाहिलं. मी विचारलं, मग काम डाव्या हाताने काहून करतेस?

"त्यायनं शेजारी बसून शिकवलं," म्हणाली. "उजव्या हातानं बी येते मले. पन मंग ते त्यायच्या हातचं वाटत नाही."

मी तिथेच रडलो. दुसऱ्याच्या घरात, लहान पोरासारखा.

कुर्बानने मोर्णेच्या काठी नेलं. शेजारच्या हिंदू सुताराला बोलावून नामदेवला अग्नी देववला होता, त्याच्या धर्माप्रमाणे. लाकडं कुर्बानची. जागा दाखवली. वाळूच आहे नुसती.

मार्गशीर्ष वद्य १

परत आलो. घरी आधी गेलोच नाही, सरळ इनायतुल्लाच्या दुकानात. त्याने निकाल विचारला. मी सांगितलं — टिकाऊ आहे, पोलाद जुन्या कानशीचं, तापवून पाणी चांगलं दिलंय. टोक जरा जाड करायला मी त्यांना सांगून आलो. आणि माल विलायतचा नाही, अकोल्याचा आहे.

"मंग नको का घेऊ?" त्याने विचारलं.

"घे. जेवढ्या बनतील तेवढ्या घे. फक्त ठसा नको म्हणाव."

"बनवते कोन?"

माझा लेक, म्हणालो, आणि उपरण्याने डोळे पुसले. इनायतुल्लाने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाची फळी ओढून घेतली. गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. तरी तो माझ्याशेजारी बसून राहिला.

घरी आलो. पार्बताबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. वाटभर शब्द जुळवले होते. तिचा चेहरा पाहिला आणि एकही उरला नाही. म्हटलं — नामदेव भेटला. चांगला आहे. काम फार, म्हणून येता येत नाही. लग्न केलंय त्याने. बायको गुणाची आहे.

तिने शेंगांवरून हात काढला नाही.

"तब्येत कशी आहे त्याची?"

"भरली आहे," म्हटलं.

मार्गशीर्ष वद्य २

तिने आज गोड केलं. आग्रह करकरून वाढलं. मी गिळलं. तो काय काय बोलला विचारत होती, आणि मी सांगत गेलो. त्याची मूठ, त्याची धार, आई कशी आहे म्हणून त्याने विचारलं ते. एकदा सुरू केल्यावर थांबवेना. सांगताना तो मला खरंच दिसत होता.

किती दिवस सांगू असं?

मार्गशीर्ष वद्य ४

सकाळी चुलीपाशी बसलो होतो. पार्बताबाई जवळ आली आणि माझा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी तिने असं कधी केलं नव्हतं.

"मले ठाऊक आहे," म्हणाली. "कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेले गेली होती, तवा अकोल्याच्या एका बाईनं सांगतलं. तुमी आशेवर जगून राहिले होते, म्हनून मी बोलली नाही. परवा तुमी सांगत होते, तवा वाटलं, अजून थोडं आयकावं."

दुसऱ्या हाताने तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग तिने विचारलं, त्या पोरीचं नाव काय.

"जहाँआरा."

तिने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. नीट येईपर्यंत पुन्हा पुन्हा.