पत्र रवाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

‘कामाच्या वेळेत कारखान्याचं प्रत्येक दार आतून उघडता आलं पाहिजे.’ एवढं साधं वाक्य, आणि त्यासाठी तीन आठवडे विधानसभेच्या समितीत भांडते आहे. आज म्हणे त्यात ‘शक्यतो’ घाला. म्हणजे आग लागली तर शक्यतो बाहेर या, असं सांगायचं का माणसांना?

शिवणकारखान्याच्या आगीला आज चार महिने झाले. सात बाया गेल्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. माल चोरीला जातो म्हणून, असं मालक म्हणतो.

त्या सातांतल्या एकीची आई आज समितीसमोर बोलली. मुलगी तिथे काजं-बटणं करायची. आईला वस्तीत सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दवाखान्यात फरशी पुसते, पाळी बदलून आली होती. मांडीवर नेहमीची प्लास्टिकची फाईल, तिच्यावर दोन्ही हात. बोलली तीन-चार वाक्यं, पण ‘शक्यतो’वाल्यांची तोंडं बंद झाली. बाहेर आल्यावर विचारलं, फाईलमध्ये काय असतं? ‘कागद आहेत. वेळ आली की दाखवीन.’

५ फेब्रुवारी, गुरुवार

वस्तीतल्या शाळेत लोकांची बैठक. दिवे, गटार, मोकाट कुत्री, नेहमीचंच. पोरांच्या बाकांवर बसून गुडघे आखडले.

माझा सहायक दारात टेबल टाकून बसला होता. तक्रार वहीत लिहायची, माणसाच्या हातात सही करून पोच द्यायची, मग त्या-त्या खात्याला पत्र. पत्र गेलं की वहीत लाल खूण. खूण झाली की काम झालं! त्याला आम्ही ‘रवाना’च म्हणतो. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘पत्र रवाना, ताई.’ चहा सांगितलास का रे? पत्र रवाना. हसतो आम्ही, पण पद्धत माझीच. ‘शंभर टक्के तक्रारी निकाली’ असं मागच्या निवडणुकीत पत्रकावर छापलंही होतं.

शेवटी एक म्हातारी उठली – ‘कायदा झाला, मग कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार?’ आम्ही एवढे शहाणे, कोणालाच सुचलं नव्हतं. कलमात घालायला हवं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सभागृहात चर्चा सुरू झाली. समोरच्या बाकावरचे वकीलसाहेब मिशीत हसत म्हणाले, ‘बैल गेला आणि झोपा केला!’ माझा पारा चढला. म्हटलं, एकदा, एकदा जरी कोणी येऊन सांगितलं असतं, तर मी स्वतः जाऊन ते कुलूप तोडलं असतं!

बाकं वाजली. वर गॅलरीत मावशी होती, एकटक माझ्याकडे बघत. खूप बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

भाषणासाठी जुन्या तक्रारींचे दाखले हवे होते. कार्यालयात वह्या काढून बसले. जूनच्या वहीत सापडलं.

‘शिवणकारखाना, दुसरा मजला. मागचं दार बाहेरून बंद असतं. आत तीस बायका. तक्रारदार – काजं-बटणं करणारी.’ पुढे नाव. मावशीच्या मुलीचं. ते मला इथे लिहवत नाही.

अक्षर माझं. त्या दिवशी रवाना आजारी होता, टेबलावर मीच बसले होते. पुढे लाल खूण. तीही माझीच.

पत्र गेलं होतं. उत्तर आलं नाही. मी विचारलं नाही.

तिचा चेहरा आठवायचा दुपारभर प्रयत्न केला. आठवतं ते एवढंच, की माझी खुर्ची एका पायाने डुगडुगत होती आणि मी सारखा खाली कागद सरकवत होते. ती माझ्यासमोर उभी राहिली असणार. नीट, सावकाश सांगितलं असणार. मला काहीच आठवत नाही. लाज वाटते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला सांगितलं. तो शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत होता, पेन खाली ठेवलं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. मतदान शुक्रवारी आहे ना? आत्ता बोललीस तर तो वकील तुझ्यासकट कायदाही बुडवेल.’

खरं आहे. पण ते खरं आहे म्हणून मी गप्प बसते आहे की सोयीचं आहे म्हणून, हे मला सांगता येत नाही. उगाचच त्याच्यावर चिडले.

रवाना तर दोन पावलं पुढे. ‘ताई, जुन्या वह्यांना वाळवी लागते कधी कधी.’ असं म्हणाला आणि स्वतःच मान खाली घातली. वही घरी आणली. कपाटात, पांघरुणांखाली ठेवली आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मावशीचा फोन. ‘उद्या होईल ना, बाई?’ होईल म्हटलं आणि फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झाला! तीन मतांनी, पण झाला. ‘शक्यतो’ कुठेही नाही. म्हातारीची किल्लीही आहे – आतच, दाराशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.

पायऱ्यांवर मावशीने माझे दोन्ही हात धरले. अगदी ओठांवर आलं होतं. पण फोटोवाले मध्ये आले, आणि मी त्यांच्याकडे वळले. सोमवारी तिच्याकडे जाईन.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेले नाही. कारखानदारांची बैठक होती. बैठक सकाळी अकरालाच संपली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वही घेऊन दवाखान्यात गेले. मावशी तळघरातल्या खोलीत फडकी पिळत होती. मी ‘मावशी, मला तुम्हाला...’ एवढंच म्हणाले. तिने हात पुसले, फाईल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला.

पोच. जूनची. खाली माझी सही.

‘त्या दिवशी नाचतच घरी आली होती. म्हणाली, आमदारबाईंनी स्वतः लिहून घेतलं, आता दार उघडणार.’

मी पालथ्या बादलीवर बसले.

‘सभागृहात तुम्ही म्हणालात ना, कोणी सांगितलंच नाही. तेव्हाच गॅलरीतून हा कागद दाखवणार होते. पण कायदा व्हायचा होता, आणि त्याला तुम्ही लागत होतात. म्हणून गिळलं. आता झाला कायदा. उद्या आगीच्या चौकशीत माझी साक्ष आहे. तुम्ही येताय, की मी एकटीच सांगू?’

येते म्हटलं. दहा वाजता आहे. वही परत कपाटात ठेवली नाही, उद्यासाठी पिशवीतच राहू दिली आहे.